फोटोपुरती ऊब

आधी तुम्ही आमच्या म्हशी घराबाहेर काढल्यात, आणि मग आम्ही थंडीनं कुडकुडतो म्हणून आमच्यावर उपकार करायला आलात. हे मी तोंडावर सांगते, पाठीमागं नाही. तुमचं नाव मला माहीत आहे, हुद्दाही माहीत आहे. पण लिहीत नाही, कारण तुमच्या खुर्चीवर तुमच्यानंतर जे बसले तेही तुम्हीच होतात.

त्या सकाळी ग्रामसेवकानं अंगणातून हाक मारली तेव्हा मी आतल्या खोलीत पोराला पाजत होते. माझं पहिलं पोर. आठव्या महिन्यातच झालेलं, तळहातावर मावेल एवढं. पाचवी पूजून दोन दिवस झाले होते. खाटेखाली लोखंडी शेगडी, शेगडीत खैराचे निखारे, वर ओवा आणि वावडिंगाची धुरी. पोराला छातीशी धरून वर काळं घोंगडं घेतलं की त्याच्या अंगाला जरा रंग यायचा. घोंगडं बाजूला केलं की ओठ निळे.

"ओ मावशी, ती शेगडी आधी बाहेर काढा!"

मावशी म्हणजे माझी सासू. मी तिला आत्याबाई म्हणायची. ती दारात आडवी उभी राहिली.

"बाळंतिणीची शेगडी हाय ती, भाऊसाहेब. चूल न्हाई."

"चूल काय, शेगडी काय, धूर तो धूर. अकराला साहेब येतायत. बरोबर परदेशातले पाहुणे आहेत, फोटोवाले आहेत. आज आपलं गाव धूरमुक्त जाहीर व्हायचंय. एका घरात जरी निखारा सापडला तर सगळं गाव नापास."

"मग व्हऊ द्या की नापास. आमी कवा साळंत गेलो हुतो?"

भोईटे भाऊसाहेब हसला नाही. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. कपाळावरचा घाम पुसत होता, त्या गारठ्यात.

आमची खिरवंडी घाटमाथ्यावर आहे. गवळी धनगरांची वस्ती, पंचवीसएक घरं. पौषात पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरंशुभ्र होतं. ते बघायला खालच्या थंड हवेच्या गावात शहरातली माणसं लोकरीच्या टोप्या घालून येतात, हॉटेलात राहतात, फोटो काढतात आणि परत जातात. आम्हाला परत जायला दुसरीकडं जागा नाही.

आमचं घर म्हणजे एकच लांबट खण होता. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला म्हशी, मध्ये कंबरेएवढा कारवीचा कूड. बाळंतिणीसाठी म्हणून एक कोपरा आडोसा घालून वेगळा केलेला. मधोमध आगटी, म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्यात राखेखाली निखारा कायम जिवंत. म्हशी रात्रभर रवंथ करायच्या, फुसफुसायच्या, त्यांच्या अंगाची वाफ सगळ्या घरात भरून राहायची. वास यायचा, हो. शेणाचा, मुताचा, दुधाचा. त्या वासात आमच्या चार पिढ्या झोपल्या आणि सकाळी जिवंत उठल्या. त्या उबेला ना तार लागत होती, ना तेल.

मग तुमची मोहीम आली. उबदार घर, धूरमुक्त गाव. घरात जनावर नको, घरात विस्तव नको. आगटी बुजवली, कूड काढला, जमिनीवर गुळगुळीत पांढरी फरशी घातली. म्हशी ओढ्यापलीकडं पत्र्याच्या गोठ्यात गेल्या. बदल्यात प्रत्येक घराला विजेचा हीटर मिळणार होता. मिळणार होता, असंच लिहायला हवं.

धूर वाईट, हे मी नाकारत नाही. आत्याबाईचे डोळे धुरानंच अर्धे गेले होते. तुम्ही धूर नेला असता तर मी स्वतः साखर वाटली असती. पण तुम्ही धूर मागं ठेवलात आणि ऊब घेऊन गेलात. त्या हिवाळ्यात घरोघरी बायका चोरून परसात तीन दगड मांडायच्या. पूर्वी धूर कौलातनं जायचा, आता वाऱ्यानं उलटा तोंडावर यायचा. आणि वीज? ती यायची पाहुणीसारखी. घटकाभर टेकायची, बल्ब घालवायची आणि निघून जायची.

"दोन तासांचा प्रश्न आहे मावशी," भाऊसाहेब म्हणाला. "हीटर लावतो ना तुमच्याकडं. तुमच्याच घरी लावायचा ठरलंय. बाळंतीण आहे, लहान बाळ आहे, छान दिसेल. जनरेटरसुद्धा आणलाय."

"त्यो काय खातो?"

"डिझेल."

"आन् धूर?"

"तो बाहेर सोडतो."

आत्याबाईला हसू आलं. "आमचा तरी कुटं आत र्‍हातो, भाऊसाहेब? त्यो बी बाहेरच जातो की."

तेवढ्यात माझा नवरा धाकलू आला. डोक्याला तुमच्या माणसांनी दिलेला कोरा फेटा. लाजल्यासारखा दिसत होता. त्यानं आईकडं बघितलं नाही, माझ्याकडं तर नाहीच.

"आये, काढून दे शेगडी. दुपारला परत घालू."

"लाकडं कुटनं आणशील?"

गावातलं सगळं सरपण आदल्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये भरून नेलं होतं. ढीग फोटोत वाईट दिसतात म्हणून.

आत्याबाई तरी शेगडीला हात लावीना. तेव्हा भाऊसाहेबानं कळशी उचलली आणि खाटेखाली वाकून पाणी ओतलं. चर्र झालं. ओल्या राखेची वाफ माझ्या तोंडावर आली, पोराला ठसका लागला. मी त्याच्या तोंडावर पदर धरला. ओल्या राखेचा तो वास आजही कुठं आला की मी तिथून उठून जाते.

मग जनरेटर आला, माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच. त्याची नळी माझ्या झरोक्याकडं तोंड करून. ढक ढक ढक करत सुरू झाला आणि काळा, तेलकट धूर आत शिरला. धूरमुक्त गावातला पहिला धूर माझ्या पोरानं घेतला.

हीटरची जाळी लाल झाली. खरं सांगते, ऊब होती त्याला. समोर धरलेला हात भाजायचा आणि पाठ गार पडायची, तसली. पण होती. मी पोराला घेऊन त्याच्यासमोर सरकले. आत्याबाई म्हणाली, "बरं हाय की गं हे. ह्येच ठिवून गेलं तर." एवढ्यावर आमचं समाधान होतं. लक्षात ठेवा.

तुम्ही आलात ते बूट घालून. नाकाला रुमाल. अत्तराचा वास तुमच्या आधी आत आला. मागं एक मॅडम, दोन फोटोवाले, आणि दारात तोंडं घालून उभे असलेले सगळे.

आमच्यात बाहेरून आलेलं माणूस कितीही मोठं असो, आधी पाय धुतं, मग निखाऱ्यावर तळहात शेकतं आणि मगच बाळंतिणीच्या पोराला हात लावतं. वाऱ्यातून आलेला गार हात कोवळ्या अंगाला लागू द्यायचा नाही. लहान पोरांनासुद्धा हे माहीत असतं.

"सायेब, पाय धुवा," आत्याबाई म्हणाली. "आन् हात शेका."

"कशावर शेकू मावशी?" तुम्ही म्हणालात. "शेगडी तर नाही ना ठेवली कुठं?"

सगळे हसले. भाऊसाहेब सगळ्यांत मोठ्यानं.

"मग त्या तुमच्या जाळीवर शेका."

"अहो, माझे हात स्वच्छ आहेत. हे बघा." तुम्ही खिशातली बाटली काढलीत, तळहातावर ते गारेगार पाणी चोळलंत आणि तेच हात माझ्या पोराच्या गालाला लावलेत. ते दचकलं. हातपाय ताणून एकदम आखडलं.

"गोड आहे," तुम्ही म्हणालात. "मुलगा?"

"व्हय."

"छान. पण इथं फारच अंधार आहे."

फोटोवाला म्हणाला, "सर, बाहेर घेऊ. मागं डोंगर येईल. आणि ते काळं काय आहे, ते काढायला सांगा. घाणेरडं दिसतं."

ते काळं म्हणजे माझं घोंगडं. माझ्या आईनं मेंढीची लोकर आणून विणून घेतलेलं.

मॅडमनं पिशवीतून पांढरा झबला काढला. पातळ, झालरीचा, बाहुलीला घालतात तसला. "हीटर आहे म्हटल्यावर घोंगडी कशाला? लोकांना कळायला हवं ना, बाळ किती आरामात आहे."

"बाई, आठव्यात झालंय हो ते," मी म्हणाले. "त्याला उगडं नका करू. मी येते की बाहेर घोंगड्यात घिऊन."

"दोनच मिनिटं गं."

"न्हाई. मी न्हाई देत."

मी पोराला घट्ट धरलं. भाऊसाहेब दातओठ खात पुटपुटला, "सगुणा, शोभा करू नकोस. गावाचं पाणी, रस्ता, सगळं ह्यांच्या सहीवर आहे." धाकलू पुढं आला. तो फेटा त्याच्या कपाळावर घसरला होता.

"दे गं," तो म्हणाला. "लगीच संपतंय."

पोर माझ्या हातातून कुणी घेतलं ते मला नीट आठवत नाही. मॅडमनं असेल. मी उठले तर डोळ्यांपुढं अंधारी आली, आत्याबाईनं सावरलं.

अंगणात स्टूल मांडलेलं. स्टुलावर लाल कापड. कापडावर हीटर, त्याची तार भिंतीवरून जनरेटरपर्यंत. उघड्या अंगणात, घाटाचा वारा सुटलेला, आणि तो हीटर सगळ्या डोंगराला शेक देत होता. तुम्ही त्याच्याशेजारी उभे राहिलात, माझं पोर हातात घेऊन. झबल्यातून त्याचे पाय बाहेर लोंबत होते.

पण फोटो निघेना. परदेशी पाहुण्यांची गाडी घाटात थांबली होती. त्यांना धुकं बघायचं होतं.

"थांबू या," तुम्ही म्हणालात. "त्यांच्यासोबतच चांगला येईल."

पोर रडत होतं. मी दाराशी उभी राहून घोंगडं पुढं करत होते. "तवर तरी पांघरू द्या. गाडी आली की काढा." कुणी ऐकत नव्हतं. मॅडम म्हणाली, झबला चुरगळेल. एक जण पाण्याच्या बाटल्या वाटत होता. घाण होते म्हणून ज्या घरातनं म्हशी काढल्या, त्याच्याच अंगणात केळ्यांची सालं पडली होती आणि बिस्किटांचे कागद उडत होते. तुमचा हात दुखला तेव्हा तुम्ही पोर मॅडमकडं दिलंत, तिनं भाऊसाहेबाकडं, भाऊसाहेबानं परत तुमच्याकडं.

शेवटी गाडी आली. उंच, गोरे, लाल नाकांचे पाहुणे, अंगात गुडघ्यापर्यंत जाड कोट. तोवर माझं पोर रडायचं थांबलं होतं.

"बघा," तुम्ही त्यांना म्हणालात आणि मॅडमनं ते इंग्रजीत सांगितलं. "ऊब मिळाल्यावर कसं शांत झालं."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

मी धावत जाऊन पोर घेतलं. कुणी अडवलं नाही, काम झालं होतं. त्याची मान माझ्या हातावर अशी पडली, जशी पडायला नको. मी त्याला पदराखाली घेत होते तर मॅडम मागं आली.

"अगं, तो झबला दे ना काढून. पुढच्या गावाला लागेल."

दिला. त्या बाईच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं आणि थुंकले नाही, कारण पोराला आधी घोंगड्यात घ्यायचं होतं.

जनरेटर बंद झाला. तार गुंडाळली. आत्याबाई हीटरला धरूनच उभी होती. "ह्यो तरी र्‍हाऊ द्या, बाळंतीण हाय."

"हा दाखवायचा आहे मावशी," भाऊसाहेब तिची बोटं सोडवत म्हणाला. "तुमचा मागाहून येईल. आणि जनरेटर गेल्यावर हा चालणार कशावर?"

हे मात्र तो खरं बोलला.

तुमच्या गाड्या खिंडीत दिसेनाशा झाल्या, तोवर आम्ही पोराचे तळपाय चोळत होतो. ते मासोळीसारखे गार होते. धाकलूनं फेटा फेकून दिला, शेगडी आत आणली, पण राखेचा चिखल झालेला. आगटीवर फरशी. लाकूड घरात नाही. त्यानं केरसुणी जाळली, पेंढ्याची जुडी जाळली. भडका उडाला आणि विझला. एवढ्यात शेजारच्या घरी विस्तव मागायला गेलेली त्याची बहीण मोकळ्या हातानं परत आली. सगळ्या वस्तीत एका घरी निखारा नव्हता. गाव खरोखरच धूरमुक्त झालं होतं.

आत्याबाई म्हणाली, "म्हशी आन."

धाकलू ओढ्यापलीकडं पळाला. म्हशी घेऊन आला. पुढं चंद्री, आमच्या दावणीची सगळ्यांत थोरली. घर ओळखीचं, ती आपणहून चढली आणि दारातल्या त्या पांढऱ्या फरशीवर तिचे पुढचे खूर फाकले. धडपडली, घसरली आणि उंबऱ्यावरच बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मागच्या म्हशींनी ते बघितलं आणि तोंडं फिरवली. धाकलू त्यांना ढकलत होता, शिव्या देत होता, रडत होता. एकही आत येईना. फरशीवर म्हैस पाय ठेवत नाही, हे तुमच्या मोहिमेत कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आम्हाला माहीत होतं. पण फरशी घालताना आम्हाला वाटलं होतं, म्हशी आता कशाला येतायत आत.

आत्याबाईनं कोपऱ्यातलं मुसळ घेतलं आणि फरशी फोडायला लागली. त्या अर्ध्या डोळ्यांची म्हातारी, घाव घालायची आणि ठिकऱ्या हातानं बाजूला करायची. हाताला रक्त लागलं तरी थांबली नाही.

मी पोराला घोंगड्यात घेऊन उंबऱ्यावर बसले, चंद्रीच्या पोटाला टेकून. तिचं पोट गरम होतं. मी पोराला तिच्या कासेजवळ लावून धरलं, वर मी, माझ्यावर घोंगडं. चंद्रीनं मान वळवून घोंगडं हुंगलं. एरवी ती कुणाला अशी टेकू द्यायची नाही. ती उठली नाही. आतून मुसळाचे घाव ऐकू येत होते. मी पोराच्या तोंडात थान देत होते.

उन्हं उतरली. थोड्या वेळानं आत्याबाई आतून म्हणाली, "सगुणे, म्हशींस्नी या म्हनावं आता. झाली जागा." मी उठले नाही. तेव्हा ती बाहेर आली, घोंगड्याची कड उचलून बघितली, आणि मुसळ खाली ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी सगळ्या म्हशी घरात आल्या. उरलेली फरशी धाकलूनं उचकटून ओढ्यात टाकली. माझी पोरगी नंतर त्याच घरात झाली, म्हशींच्या वाफेत. आता सातवीत आहे, काटक आहे.

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर तुम्ही मोठा फलक लावलात. मी बाजाराच्या दिवशी खवा घेऊन जाते. पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या हातून डबा पडला. डोंगर, लाल जाळी, तुमचे हात, आणि हातांत तो. माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा रुंद. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आमच्याजवळ त्याचा दुसरा फोटो नाही. म्हणून मी दर बाजाराला तिथं उभी राहायची. पावसानं रंग उडाला की तुम्ही नवा लावायचात, आणि लाज वाटते सांगायला, पण त्याबद्दल मी मनात तुमचं भलं चिंतायची.

पुढं पोरगी शाळेत जायला लागली, तिच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. जोडाक्षरं यायला फार वेळ लागला. एका बाजाराला मी फलक वाचला. मोठ्यानं वाचला, जशी मी तेव्हा वाचायची.

"खिरवंडीचा प्रकाश, आता उबेत वाढतोय."

मी तशीच कचेरीत आले. शिपायानं अडवलं, मी थांबले नाही. खुर्चीवर तुम्ही होतात, दुसऱ्या चेहऱ्याचे. मी म्हणाले, फलकावरच्या पोराची मी आई. तुम्ही उठून उभे राहिलात.

"अरे वा! प्रकाशची आई? बसा, बसा. चहा सांगा रे ह्यांना. केवढा झाला असेल आता! शाळेत जातो ना?"

आमच्यात बारशाआधी गेलेल्या पोराला नाव नसतं. ओढ्याकाठी पुरताना धाकलूनं शेवटची हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हाक कुणाच्या नावानं मारायची? हे मी तुम्हाला तिथं सांगितलं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. म्हणालात, ते आधीच्या साहेबांच्या वेळचं. मजकूर बाहेरच्या माणसांकडून लिहून घेतात. बघतो.

फलक अजून तिथंच आहे. परवा नवा रंग दिलात.

नऊ महिने पोटात वाढवायचं, ते मला आठच मिळाले. नाव द्यायला मला मिळालं नाही, बापाला मिळालं नाही. ते तुम्ही दिलंत. तो उबेत वाढतोय, असं भर चौकात तुम्ही लिहिलंत. मग सांगा, कुठं वाढतोय? कुणाच्या घरी? मी त्याची आई आहे. मला पत्ता द्या.